हेडक्लार्क वाइन शिकायला जातात

साडूच्या घरी ते घडलं नसतं, तर हेडक्लार्कांनी द्राक्षांच्या मुलखात पाऊल टाकलं नसतं. माणूस जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयातला. लोक कधी आले आणि कधी गेले एवढं बघायचं. मधल्या काळात ते काय पितात याच्याशी त्या कार्यालयाचा संबंध येत नाही.

साडू आदल्या वर्षी वाइनच्या बागा फिरून आला होता आणि तेव्हापासून पाण्याचा पेलासुद्धा दोन बोटांत धरून उजेडात बघत असे. नव्या घराचं जेवण म्हणून त्याने सगळ्यांना बोलावलं. टेबलावर उंच देठाचे पेले मांडलेले होते. हेडक्लार्कांनी आजूबाजूला बघून समोरचा पेला उचलला, गोल फिरवला, नाक आत घातलं, एक घोट टाळूवर घोळवला आणि डोळे मिटून म्हणाले, "जरा कडक आहे, पण खानदानी आहे."

साडूची धाकटी मुलगी म्हणाली, "काका, तो माझा ज्यूस आहे."

सगळे हसले. हसणं हेडक्लार्कांना मान्य होतं. हसणाऱ्यांत आपली बायको आहे, हेही त्यांनी मान्य केलं. पण बाकीचे थांबल्यावरही ती हसत राहिली, ही गोष्ट त्यांना नोंद घेण्याजोगी वाटली. घरी परतताना ती जिन्यात पुन्हा हसली. कुलूप काढताना आणखी एकदा. दुसऱ्या दिवशी दूध तापवताना मधेच तिचे खांदे हलले, तेव्हा हे प्रकरण आपोआप निकाली निघणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

मन मोकळं करायला त्यांना एकच जागा होती, ती म्हणजे भोंग्याचं दुकान. भोंगा शाळेपासूनचा मित्र. हे नाव मास्तरांनी ठेवलं होतं आणि आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यापुढे टिकलं नाही. पुढे त्याने श्रवणयंत्रांचं दुकान काढलं. दिवसभर कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलून बोलून मूळचा मोठा आवाज आणखी मोठा झाला. त्याला गुपित सांगायचं म्हणजे दुकानाचं शटर आधी खाली ओढावं लागे.

भोंग्याने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की जिथे अपमान झाला त्याच विषयात तयार होऊन यायचं. तीन दिवसांची सहल. त्याच्या मेहुण्याची गाडी रिकामीच होती. एका बागेत चाखण्याचा कार्यक्रम असतो, माणसं हिंडवतात, समजावून सांगतात, तिथे नाव नोंदवून टाकू. परत येऊन साडूला जेवायला बोलव, म्हणाला, आणि त्याचा घाम काढ.

बायकोला सांगताना हेडक्लार्कांनी विरोध गृहीत धरून बरीच तयारी केली होती. ती म्हणाली, "जा की." तयारी तशीच पडून राहिली आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं.

आता हे जाणं कोणाला सांगायचं नव्हतं, पण भोंगा एकदा जिन्यात उभा राहून तारखा ठरवून गेला आणि इमारतीला कळलं. मग सल्ले सुरू झाले. समोरच्या गणिताच्या बाईंनी सांगितलं की लाल आधी की पांढरी आधी याला महत्त्व आहे, फक्त कोणती आधी ते त्यांना आठवेना. सोसायटीचे सेक्रेटरी, जे मीटिंगमध्ये लिंबूसरबताला हात लावत नसत, त्यांनी बाजूला घेऊन दोन घोटांच्या मधे पावाचा तुकडा खायला सांगितलं. तळमजल्यावरच्या आजींनी तर रिकाम्या पोटी पांढरी घेतल्यावर आपल्याला काय झालं होतं ते तपशीलवार सांगितलं. ज्या इमारतीत आपण इतकी वर्षं राहतो तिथे आपण एकटेच कोरडे आहोत, हा शोध हेडक्लार्कांना त्या आठवड्यात लागला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त जहाजी राहत. त्यांनी सल्ला न देता थेट एक छोटी बाटली हातात ठेवली. पाचक आहे म्हणाले, निघताना दोन टोपणं घ्या, पोटाला आतून अस्तर लागतं.

ऑफिसातही सरळ काही झालं नाही. हेडक्लार्क रजा घेत नसत. त्यांनी अर्जात 'वैयक्तिक कारण' असं लिहिल्यावर साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, मग हलक्या आवाजात डॉक्टर कोण आहेत विचारलं. नाही, तसं काही नाही, असं म्हटलं की लोक तसं काहीतरी आहे असंच धरून चालतात. दुपारपर्यंत शिपाई त्यांच्या हातातून फाइल काढून घेऊ लागला. टंकलेखक बाई डोळे पुसत येऊन म्हणाल्या की त्यांच्या मामांनाही शेवटपर्यंत काही दुखलं नव्हतं. आपल्याच कार्यालयात आपली नोंद कोणत्या रजिस्टरात होऊ घातली आहे, हे बघत हेडक्लार्क घरी आले.

गाडी सकाळी दारात आली. मेहुण्याने किल्ली देताना सांगितलं होतं, सगळं ठीक आहे, फक्त पुढे बघून चालवा. दोघांनी हा सर्वसाधारण उपदेश समजून मान हलवली होती. हेडक्लार्कांनी दोन टोपणं पाचक घेतलं, चव बरी वाटली म्हणून तिसरंही घेतलं, आणि निघाले.

शहर मागे पडल्यावर भोंग्याला भूक लागली. त्याने डब्यातली उकडलेली अंडी काढली आणि गाडी हेडक्लार्कांच्या हाती दिली. पुढच्याच वळणावर नाका होता. पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि फुंकायचं यंत्र पुढे केलं. हेडक्लार्कांनी निर्मळ मनाने फुंकलं. यंत्र बोंबललं. पोलिसाने यंत्राकडे पाहिलं, हेडक्लार्कांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, पुन्हा फुंकायला लावलं. यंत्र आणखी जोरात बोंबललं.

कुठे चाललात, असं त्याने विचारलं. वाइनच्या बागा बघायला, असं हेडक्लार्कांनी खरं ते सांगितलं.

"बघून झाल्या वाटतं," पोलीस म्हणाला.

आता इथे मित्राने काय करायला हवं होतं, यावर पुढे त्या दोघांत कधीच एकमत झालं नाही. भोंग्याचं म्हणणं, त्याने मित्राची बाजू मांडली. हा माणूस पीतच नाही, हे सिद्ध करायला त्याने साडूच्या घरचा ज्यूसचा प्रसंग सांगितला. सुरुवातीपासून सांगितला, 'खानदानी' या शब्दापाशी थांबून सांगितला, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितला. नाक्यावरचे तिन्ही पोलीस हसले. मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून, ज्यूसवाले कोण ते बघून गेला. पोलिसांनी कारवाई केली नाही, चहा पाजला, आणि यंत्र गप्प होईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते हेडक्लार्कांकडे बोट करून काहीतरी सांगत होते.

गाडी पुन्हा निघाली तेव्हा भोंगा चालवत होता. मग हेडक्लार्क खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्या दुकानातून यंत्र नेलेल्या माणसाला पहिल्यांदा तूच ऐकू येतोस. बहिरेपण बरं होतं असं वाटत असेल बिचाऱ्याला."

भोंग्याचा दुकानावर फार जीव. त्याचे कान लाल झाले. "तुझ्या ऑफिसात तर माणूस समोर मरून पडला तरी तू पुरावा मागशील," तो म्हणाला.

यानंतर संभाषण बंद पडलं. वाट दाखवणारा फोन हेडक्लार्कांच्या हातात होता. फोनमधली बाई उजवीकडे वळा म्हणाली, पण आवाज हेडक्लार्कांच्या बाजूने आल्यामुळे भोंग्याने मुद्दाम डावीकडे वळवली. बाईने नवा मार्ग काढला. भोंग्याने तोही मानला नाही. शेवटी बाईसुद्धा गप्प झाली आणि गाडी द्राक्षांच्या दोन मांडवांमधल्या एका चिंचोळ्या वाटेत शिरली, जिथे दार उघडायलाही जागा नव्हती. मागे घ्यावी म्हणून भोंग्याने रिव्हर्स टाकला. गिअर पडेना. दोन्ही हातांनी ओढला, पाय डॅशबोर्डला लावून ओढला, तरी पडेना. मेहुण्याच्या उपदेशाचा अर्थ दोघांना एकदमच कळला, पण एकमेकांना सांगता येत नव्हता. गाडी पुढेच जाऊ शकत होती, म्हणून ती पुढे गेली.

वाट एका मोठ्या अंगणात उघडली. समोर बैठं दगडी घर, बाजूला तळघराचं रुंद दार. घराच्या ओट्याच्या एका टोकाला पांढऱ्या वेणीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक बाई उभी होती. दुसऱ्या टोकाला टोपी घातलेला, कमरेला छाटणीची कात्री लावलेला एक माणूस. दोघं विरुद्ध दिशांना बघत होती. चेहरे इतके सारखे होते की भाऊबहीण हे सांगायची गरज नव्हती.

"या," बाई म्हणाल्या. "उशिरा का होईना, आलात."

"तुमचीच वाट बघत होतो," माणूस त्याच वेळी म्हणाला, आणि बाईंच्या वाक्यावर वाक्य पडल्याबद्दल दोघांनीही तोंडं वाकडी केली.

हेडक्लार्कांना वाटलं, हीच ती आपण नाव नोंदवलेली बाग. भोंग्यालाही तेच वाटलं. एकमेकांना विचारून खात्री करण्याची सोय नव्हती. हेडक्लार्कांनी नाक्यावर थांबावं लागल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. बाईंनी विचारलं, आधी जमीन बघणार की तळघर. हेडक्लार्क म्हणाले, जसं ठरलं असेल तसं.

"काहीच ठरत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलं," बाई म्हणाल्या. हेडक्लार्कांना हा विनय फार आवडला.

भोंग्याला मुख्य प्रश्नात रस होता. पेले छोटे देतात की भरून, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. "मिळणार किती?" त्याने विचारलं.

भाऊ ताठ झाला. "ते तुमच्यावरच आहे. निम्मं निम्मं, असं तिचं म्हणणं. मला ते मान्य नाही."

"निम्मं मलाही चालायचं नाही," भोंगा म्हणाला.

भावाचा चेहरा उजळला. बहिणीने भोंग्याकडे असं पाहिलं की त्याने पोट आत घेतलं.

प्रकार असा होता, आणि तो त्या अंगणात फक्त या दोघांनाच माहीत नव्हता. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. बाग दोघांची. बहीण वाइन करायची, भाऊ वेली सांभाळायचा. वडील होते तोवर चाललं, नंतर बिनसलं. बोलणं बंद झालं, दोघं आपापली वाइन वेगळी करू लागली. शेवटी वाटणी करायची ठरली, तर कोणाचा कोणावर विश्वास नाही. वकिलांनी सांगितलं, दोघांपैकी कोणाच्याही ओळखीचे नसतील असे दोन पंच पाठवतो, ते करतील तो निवाडा. ते पंच आज यायचे होते. आणि आज या अंगणात दोन गंभीर माणसं उतरली, जी एकमेकांशी अक्षर बोलत नव्हती. इतकी निःपक्षपाती माणसं भाऊबहिणीने आयुष्यात पाहिली नव्हती.

आधी बाग दाखवण्यात आली. भाऊ पुढे, मधे हे दोघे, मागे बहीण. वरच्या उताराशी थांबून भाऊ म्हणाला, हा सगळा उतार मी हाताने जगवलाय. मागून बहीण म्हणाली, पाणी कुठून आणि कोणी आणलं तेही सांगा त्यांना. भाऊ म्हणाला, त्यांना सांगा की पाण्याने वेल वाढतो, द्राक्ष नाही. प्रत्येक निरोप हेडक्लार्कांना उद्देशून असल्यामुळे ते इकडून तिकडे मान वळवत राहिले. बाग दाखवण्याची ही नवी पद्धत असावी, दोघांनी मिळून नाटकासारखं सादर करायचं, अशी त्यांनी मनाशी समजूत घातली. फक्त नाटकातली बाई इतक्या खरेपणाने ओठ का चावते, हे त्यांना उमगेना.

काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी वडील कधी गेले ते विचारलं. भावाने साल सांगितलं. हेडक्लार्कांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मृत्यूची नोंद वेळेत केली होती ना?"

भाऊबहीण दोघंही दचकली. हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. बहीण म्हणाली, हो, केली होती. भाऊ म्हणाला, मीच गेलो होतो. दोघांच्या नजरेत हेडक्लार्कांबद्दल भीतियुक्त आदर उत्पन्न झाला. माणूस मुळाशी जाणारा दिसतो.

मग तळघर. आत गार होतं, आंबूस गोड वास होता, आणि जमिनीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारलेली होती. रेघेच्या अलीकडची लाकडी पिंपं बहिणीची, पलीकडची भावाची. मधे लांब टेबल, तेही रेघेवर आडवं. भोंगा एका बाजूला बसला म्हणून हेडक्लार्क दुसऱ्या बाजूला बसले. आणि इथे बोलण्याची जी घडी बसली ती काही विचारू नका.

हेडक्लार्क बहिणीला म्हणाले, आमच्या सोबत्यांना सांगा की तळघरात आवाज घुमतो, जरा बेताने. बहिणीने ते भावाच्या दिशेने हवेत सांगितलं. भावाने ते भोंग्याला सांगितलं. भोंगा भावाला म्हणाला, त्यांना सांगा की मागच्या पोलिसांना तर व्यवस्थित ऐकू आलं, त्यांची तक्रार नव्हती. ते त्याच मार्गाने उलटं परत आलं. हेडक्लार्कांनी उत्तर पाठवलं. भोंग्याने प्रत्युत्तर पाठवलं. ज्यूस, नाका, दुकान, पुरावा असे शब्द रेघेवरून येत-जात राहिले. निरोप पोचवता पोचवता बहिणीचं एक वाक्य अर्धवट राहिलं. तिने मान वर करून भावाकडे पाहिलं. तो आधीच तिच्याकडे बघत होता. दोघांनी लगेच नजर वळवली.

बहिणीने तीन पेले मांडले. आवाज कोरडा ठेवून ती म्हणाली, "एक माझी वाइन, एक त्याची. आणि ही वडिलांची, शेवटच्या वर्षीची. त्यांच्यानंतर हिचं एकही बूच काढलेलं नाही. मी काढू दिलं नाही असं तो म्हणेल, त्यानं काढू दिलं नाही असं मी म्हणते. आज तुमच्यासमोर काढतोय. ज्याची वाइन वडिलांच्या वाइनच्या जवळ जाईल, बाटलीवरचं घराचं नाव त्याचं आणि वरचा उतार त्याचा. एवढं एकच आम्हा दोघांना मान्य आहे. तुम्ही सांगाल ते शेवटचं."

आता मात्र हेडक्लार्क चपापले. असं कोणी पर्यटकांना सांगत नाही. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं. भोंग्यालाही कळलं होतं, कारण त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. जन्मभरात प्रथमच. आत्ताच्या आत्ता उठून खरं सांगावं, म्हणून हेडक्लार्क खुर्चीतून अर्धे उठले. पण भाऊ बाटलीचं बूच काढत होता, अगदी सावकाश, जपून. जुनी चिठ्ठी लावलेली बाटली. तो ओतेपर्यंत बहीण श्वास रोखून उभी होती. अशा वेळी मधेच, माफ करा, आम्ही ज्यूस पिणारे आहोत, असं कसं म्हणणार? हेडक्लार्क पुन्हा बसले.

पेला त्यांच्यापुढे आला. त्यांनी तो फिरवला नाही, डोळे मिटले नाहीत. नुसता नाकाशी नेला. आणि ते गोंधळले. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. पण तो इथे कसा?

"काय?" भावाने विचारलं.

हेडक्लार्कांना खोटं सुचेना. "भिजलेल्या रजिस्टरांचा वास येतोय," ते म्हणाले. "आमच्या रेकॉर्ड रूमचं छत गळतं. रजिस्टरं ओली होतात, मग तशीच सुकतात. तो वास."

आता हाकलणार, हे हेडक्लार्कांनी गृहीत धरलं. भावाने त्यांच्या हातातून पेला घेतला, हुंगला, आणि रेघ ओलांडून सरळ बहिणीच्या हातात दिला. तिने हुंगला.

"बूच," ती म्हणाली.

"बूच," तो म्हणाला.

मग पिंपाला टेकून तिने हेडक्लार्कांना समजावून सांगितलं. बूच खराब निघालं तर आतली वाइन कितीही चांगली असो, असाच वास मारते, ओल्या पुठ्ठ्यासारखा. वाइन गेली. भावाने दुसरी बाटली उघडली. तीही तशीच. तिसरीही. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"त्या वर्षीची बुचं तू मागवलीस," तो म्हणाला. सरळ तिला म्हणाला, कोणाच्याही मार्फत नाही.

"मागवली मी, पण पोतं फोडून पसंत कोणी केली?"

"बाबांनी केली. मी त्यांना खुर्चीवर बसवून इथपर्यंत आणलं होतं."

"त्यांचं नाक तेव्हा गेलं होतं. मला सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांना तळघरात येऊ दिलं असतंस?"

"नसतं," ती म्हणाली.

नेमक्या या वेळी वर अंगणात गाडी थांबली आणि बॅगा घेतलेली दोन माणसं जिना उतरून आली, एक उंच बाई आणि एक घाम पुसणारे गृहस्थ. उशिराबद्दल माफी मागून त्यांनी सांगितलं की आपण वकिलांनी पाठवलेले पंच. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनी हेडक्लार्कांकडे पाहिलं.

"मग तुम्ही कोण?" भाऊबहिणीने एका आवाजात विचारलं.

हेडक्लार्क उभे राहिले. रेघेच्या पलीकडून भोंगा उठला आणि येऊन त्यांच्या बाजूला उभा राहिला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "वाट मी चुकवली, रागाच्या भरात. आम्ही वाइन चाखायला निघालो होतो, भलत्या बागेत आलो. हा माझा मित्र. याने आजवर वाइन प्यायलेली नाही, पण नाकाने खोटं बोलत नाही, हे तुम्ही बघितलंच आहे. याला काही म्हणू नका."

आवाज घुमत होता, पण या वेळी हेडक्लार्कांनी बेताने बोलायला सांगितलं नाही.

यानंतर बहीण आणि भाऊ मिळून त्यांच्यावर तुटून पडले. किती वेळ, कसे शब्द, ते सांगण्यात अर्थ नाही. एकाचा श्वास संपला की दुसरा सुरू करत होता, आणि एकाला शब्द अडला की दुसरा पुरवत होता. उंच बाई बॅग छातीशी धरून बघत राहिल्या. त्यांना सांगण्यात आलं होतं की ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

राग ओसरल्यावर भावाचं लक्ष पुन्हा उघड्या बाटल्यांकडे गेलं. वाटणी आज व्हायची नाही, त्याने पंचांना सांगितलं. बाबांची एक तरी बाटली शाबूत आहे का, हे आधी बघायचंय. बहीण म्हणाली, भिंतीकडच्या रांगेत दुसऱ्या पोत्यातली बुचं असतील. नाहीत, भाऊ म्हणाला. असतील, ती म्हणाली आणि बूच काढायचा स्क्रू घेऊन निघाली. जाता जाता हेडक्लार्कांकडे बघून म्हणाली, "तुम्ही थांबा. नाकाचं काम आहे."

मग त्या तळघरात जे चाललं ते वकिलांनी पाहिलं असतं तर त्यांनी व्यवसाय बदलला असता. भाऊ बूच काढायचा, बहीण थोडीशी ओतायची, हेडक्लार्क हुंगायचे आणि म्हणायचे, रजिस्टर. भोंगा ती बाटली उचलून बाजूला ठेवायचा. पुढची. रजिस्टर. थोड्या वेळाने हेडक्लार्कांचं नाक थकलं म्हणून खऱ्या पंच बाईंनी बॅग खाली ठेवली आणि त्या हुंगायला बसल्या. दोन-तीन बाटल्यांनंतर त्याही अधिकाराने रजिस्टर म्हणू लागल्या. दुसरे पंच म्हणाले, त्यांना कशाचाच वास येत नाही, पण हे चालू राहू द्या, आणि पेले विसळायला लागले. प्रत्येक रजिस्टरबरोबर भाऊबहिणीचे खांदे थोडे थोडे खाली येत होते. हे काय चाललंय आणि आपण यात कोण, हे हेडक्लार्कांना अजूनही नीट कळलं नव्हतं; पण पुढच्या बाटलीत वास येऊ नये असं मात्र त्यांना मनापासून वाटत होतं.

भिंतीकडच्या रांगेतल्या एका बाटलीपाशी ते थांबले. पुन्हा हुंगलं. "यात काही नाही," ते घाबरत म्हणाले. "म्हणजे, ऑफिसचं काही नाही."

बहिणीने पेला घेतला, हुंगला, एक घोट घेतला आणि जिन्याच्या पायरीवर बसली. भाऊ तिच्याजवळ गेला. तिने पेला त्याच्या हातात दिला. तो प्यायला. मग भाऊ म्हणाला, "माझी जवळ जात नाही."

"माझीही नाही," बहीण म्हणाली.

ऊन उतरल्यावर सगळे ओट्यावर बसले. ती बाटली सहा जणांत फिरली. हेडक्लार्कांनी आयुष्यातला वाइनचा पहिला घोट घेतला. कशी आहे, असं भावाने विचारलं. हेडक्लार्कांनी बराच विचार केला आणि कळत नाही म्हणाले. कोणी हसलं नाही. भोंग्याने त्यांच्याकडे झुकून, त्याच्या मते कुजबुजत, सांगितलं की त्यालाही कळत नाही. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

रिकामा पेला गुडघ्यावर ठेवून बहीण म्हणाली, "एक विचारू? आम्ही तुम्हाला पंच समजूनच चाललो असतो, तर वरचा उतार कोणाला दिला असतात?"

भाऊही उत्तराची वाट बघू लागला. खरे पंच पुढे सरकले. हेडक्लार्कांनी चष्मा सारखा केला. आयुष्यात प्रथमच त्यांना पुढे काय म्हणायचं याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

"मी फाइल परत पाठवली असती," ते म्हणाले.

"का?"

"कागदपत्रं अपुरी. दोन्ही अर्जदारांनी समक्ष बसून, एकमेकांशी बोलून, नव्याने अर्ज करावा."

बहीण हसली. भाऊ तिच्यामागोमाग हसला, आणि बाकीचे थांबल्यावरही ती दोघं हसत राहिली. पंच बाईंनी बॅगेतून पेन काढलं, जोडीदाराकडे एकदा पाहिलं, आणि हेडक्लार्कांना ते वाक्य पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावलं.